कुठूनही निघा, गोदावरीला या

रविवारी आम्ही मायलेकी नाशिकच्या जेलरोडला माहेरी जातो. जेवणं होऊन आईचा ओटा आवरला की लॅपटॉप दिवाणावर येतो आणि आम्हा चौघांचा खेळ सुरू होतो.

मराठी विकिपीडियाच्या मेन्यूत ‘अविशिष्ट लेख’ असा एक दुवा आहे. तो दाबला की नशिबात असेल ते पान उघडतं. कधी आफ्रिकेतला एखादा देश, कधी इसवी सनातलं एखादं वर्ष, कधी फुटबॉलपटू, आणि पुष्कळदा चार ओळींचं एखादं गाव. तिथून निघून नुसत्या निळ्या शब्दांवर क्लिक करत गोदावरीच्या पानावर पोहोचायचं. कमी क्लिकमध्ये पोहोचेल तो जिंकला. शोधाची चौकट वापरायची नाही, मागे फिरायचं नाही. ‘भारत’ हे पानही आम्ही बाद केलंय. त्यातून गेलं की सगळंच सोपं होतं.

इंग्रजीत असाच एक जुना खेळ आहे. प्रत्येक लेखातल्या पहिल्या दुव्यावर क्लिक करत गेलं की बहुतेक वेळा तत्त्वज्ञानाच्या पानावर येऊन पोहोचतो. गंमत आहे, पण त्यात आपल्याला काही ठरवायचंच नसतं. आमच्या खेळात वाट ज्याची त्यानं शोधायची, आणि तिथेच माणूस कळतो. बाबांना कोरियातला नट मिळू दे नाहीतर फ्रान्समधली नटी, ते ‘चित्रपट’ गाठतात, तिथून दादासाहेब फाळके, तिथून त्यांचं जन्मगाव त्र्यंबकेश्वर, की आलीच गोदावरी. आईची वाट रामायणातून. एकदा तिला श्रीलंकेचा क्रिकेटपटू मिळाला, तर ती श्रीलंका, रामायण, पंचवटी अशी तिसऱ्या क्लिकला घाटाच्या तोंडाशी. लेक सातवीत आहे, तिची मदार भूगोलावर: पठार, पर्वतरांग, सह्याद्री, आणि मग उतरत खाली.

बाबा नाशिकच्या नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर झाले. कागदाचा ताव न् ताव मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, असं आयुष्य गेलं. त्यामुळे ‘अविशिष्ट’ पान निवडतं कोण, हा प्रश्न त्यांनाच पडला. मी शोधून सांगितलं. प्रत्येक पान तयार होतानाच त्याला शून्य आणि एकच्या मधला एक आकडा मिळतो. आपण दुवा दाबला की यंत्र तसाच एक आकडा काढतं आणि त्याच्या लगेच पुढचा आकडा ज्या पानाचा असेल ते उघडतं. बाबा क्षणभर थांबून म्हणाले, “म्हणजे ज्याच्या मागे मोकळी जागा जास्त, त्याचा नंबर जास्त वेळा लागणार.” अगदी बरोबर! मला हे वाचूनही सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात लेकीला आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या नदीचं पान मिळालं. बाबांचं लहानपण त्याच नदीत डुंबण्यात गेलेलं. लेक उड्याच मारायला लागली, एका क्लिकचा डाव होता. पानावर तीनच ओळी. शेवटची ओळ, ही नदी पुढे गोदावरीला मिळते. पण ‘गोदावरी’ हा शब्द काळा. त्याला दुवाच नव्हता! पानावर दुसराही निळा शब्द नाही. नदी कागदावर गोदावरीला मिळत होती आणि पोरगी तिथेच अडकून पडली होती.

“हे कुणाला सांगावं लागतं?” बाबांनी विचारलं.

“कुणालाच नाही. आपणच करायचं.”

त्यांना ते पटेना. इतका मोठा ज्ञानकोश आणि कुणीही हात घालायचा? मी ‘संपादन’ उघडून दिलं. शब्दाच्या अलीकडे दोन चौकोनी कंस, पलीकडे दोन. बाबांनी एका बोटानं टाइप केलं, चष्मा पुसून दोनदा तपासलं आणि मगच बदल जतन करू दिला. शब्द निळा झाला. मग त्यांनी स्वतः त्यावर क्लिक केलं आणि गोदावरीचं पान उघडल्यावर काही वेळ कुणी बोललंच नाही.

तो डाव लेकीला द्यायचा का, यावर वाद झाला. आई म्हणाली, द्या. बाबा म्हणाले, वाट आज बांधली, ती पुढच्या रविवारपासून मोजायची. तोच नियम ठरला. आता खेळ संपला की जिथे जिथे अडलो त्या पानांची यादी लेक वहीत उतरवते, आणि चहा होईपर्यंत आजोबा-नात मिळून एकेक दुवा घालत बसतात.