सातवीसाठी उद्याचं टाचण

सोमवार, रात्री

उद्याच्या मराठीच्या पाठाचं टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, काढायला बसलेय. बीएडला असल्यापासून उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, प्रस्तावना, हेतुकथन हे सगळे रकाने हातात बसलेत. अडलंय ते लेखनाच्या विषयावर. सातवीत सात-आठ पोरं अशी आहेत की जोडाक्षर आलं की त्यांचं पेन थांबतं. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ दिला तर गाईडातला निबंध उतरवून आणतात, तोही अर्धा.

ही लेकरं पहिलीत होती तेव्हा, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या. दुसरी मोबाईलवर झाली म्हणायचं, पण मोबाईल होता कुणाच्या घरी? जुलै २०२१ मध्ये पायाभूत वाचन-लेखन-गणितासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, त्याचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं. ही तेव्हा तिसरीतच होती, बघता बघता त्या वयोगटातून बाहेर पडली. त्यात आपला बीड जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलात परततात. काही लेकरं आजी-आजोबांपाशी राहून हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आई-बापासोबत फडावर जातात. म्हणून ‘यांना डोकंच नाही’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आज मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन त्यातलाच एक जण माझ्यापाशी येऊन टेकला. यंदा तो आजीकडं आहे. मी सहज विचारलं, फडावर तू काय करायचास रे? घंटा होईपर्यंत बोलत होता. आई तीनला उठून भाकरी थापती, बाप कोयता चालवतो, आई मोळ्या बांधती, आणि हा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या. “पेंडी सैल झाली की कुणी इकत घेत न्हाई मॅडम. आधी बुडं सारकी करायची, मग आसा पीळ द्यायचा,” म्हणत त्यानं हवेतच दोन्ही मुठी आवळून पीळ घातला. आधी काय, मग काय, आणि ते तसंच का, सगळं जागच्या जागी. टाचणात आम्ही यालाच ‘मुद्देसूद मांडणी’ म्हणतो. याच पोराच्या वहीत मागच्या निबंधाच्या दोन ओळी आहेत.

तेव्हा विषय ठरला: ‘मला चांगलं येणारं एक काम दुसऱ्याला कसं शिकवीन?’ पेंडी, कापूस वेचणं, शेळीची धार, धाकट्या बहिणीला झोपवणं, काहीही चालेल. ‘ऊसतोड’ हा शब्द मात्र विषयात मुद्दाम ठेवला नाही. फडाचं नाव निघालं की गप्प होणारी एक मुलगी वर्गात आहे. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

आधी जोडीदाराला तोंडी सांगायचं, मग पाच वाक्यं लिहायची. घरची बोली चालेल. तांड्यावरच्या पोरांनी त्यांच्या बंजारा बोलीतले, गोरमाटीतले शब्द घातले तरी चालतील. ज्यांना लिहिणं जमतच नाही त्यांचं बोलणं मी फळ्यावर जसंच्या तसं लिहीन आणि तेच त्यांच्याकडून वाचून घेईन. स्वतःच बोललेलं वाक्य असलं की पुढचा शब्द कोणता ते आधीच ठाऊक असतं, त्या आधारानं अक्षर ओळखू येतं. लाल पेन उद्या काढायचं नाही. ‘इकत’चं ‘विकत’ दुसऱ्या तासाला, त्यांच्याच लिखाणातले शब्द घेऊन.

वर्गशिक्षक म्हणाले, “परीक्षेत प्रमाणभाषाच लागते.” ते खरंच आहे, आणि ती शिकवणं माझं कामच आहे. पण सुधारायला आधी कागदावर काहीतरी असावं लागतं, कोऱ्या पानावर मी काय सुधारू?

हेतुकथनात लिहिलं: ‘आज आपण एकमेकांना एकेक काम शिकवणार आहोत.’ नमुना म्हणून पेंडीचंच उदाहरण घ्यावंसं वाटतंय. प्रार्थनेआधी त्या पोराला विचारते. तो हो म्हणाला तर तोच सांगेल, नाही तर मी भाकरीचं सांगेन.