उसने पैसे आणि दादाचे दोष

२०१९ ला पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेताना डिपॉझिट कमी पडत होतं, म्हणून सांगलीच्या मावसभावाकडून २५ हजार घेतले. दोन महिन्यांत देतो म्हणालो. दादाने एका शब्दाने काही विचारलं नाही, लगेच पाठवले. दोन महिन्यांचं वर्ष झालं, मग दोन वर्षं, आणि या काळात मी बाईकही घेतली.

आता खरं सांगायचं तर पैसे न देण्यापेक्षा वाईट गोष्ट मी वेगळीच केली. मला दादा हळूहळू आवडेनासा झाला. त्याने दुकान वाढवलं तर मला वाटायचं किती शो ऑफ करतो, ग्रुपवर मुलीच्या बर्थडेचे फोटो टाकले तरी मी म्हणायचो याला कसली कमी आहे, माझे २५ हजार याच्या खिजगणतीत पण नसतील. मामाकडे गेलो तेव्हा तर बोलून आलो की दादा आता पूर्वीसारखा राहिला नाही, पैशाचा माज आलाय. एक दिवस आईने विचारलं, "काय रे, त्याने तुझं नेमकं काय बिघडवलंय?" मला एकही गोष्ट सांगता आली नाही.

नंतर सायकॉलॉजीचं वाचताना १९६० चा डेव्हिस आणि जोन्स यांचा प्रयोग सापडला. त्यात कॉलेजच्या मुलांना एका अनोळखी मुलाबद्दल त्याला लागेल असं बोलायला लावलं होतं. ज्यांना हे आपण स्वतःच्या मर्जीने केलं असं वाटलं आणि नंतर त्याला भेटून खुलासा करायची संधी नव्हती, त्यांना तो मुलगाच कमी आवडायला लागला, पण भेट होणार आहे हे माहीत असलेल्यांचं तसं झालं नाही. १९६४ मध्ये डेव्हिड ग्लासने अजून पुढचं दाखवलं. समोरच्याला विजेचे झटके देतोय असं लोकांना वाटायला लावलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत चांगलं होतं त्यांनीच, मर्जीने झटके दिले असतील तर, त्या माणसाला जास्त नापसंत केलं. म्हणजे मी चांगला आहे आणि मी त्याला त्रास दिला, ही दोन वाक्यं मनात एकत्र राहीनात, मग तोच वाईट असणार! मला हे वाचून फार लागलं, कारण मी पण स्वतःला सज्जनच समजत होतो, तसं नसतं तर दादाला इतकी नावं ठेवायची गरजच पडली नसती.

दिवाळीत सांगलीला जाऊन पैसे दिले, उशीर का केला याचं कुठलंही कारण न देता माफी मागितली. दादा म्हणाला जेवूनच जा आता. वहिनींनी आग्रह करून वाढलं आणि मला घास गिळवेना.

पैसे परत गेले, पण मी बोललेलं तिथेच राहिलं. परवा मामाच म्हणाला, "तो तसाच आहे रे, तूच नव्हतं का सांगितलंस?" मी तेव्हा गप्प बसलो. आज रात्री मामाला फोन करणार आहे.