भरीत दीड वाजेपर्यंत तहकूब

डिसेंबरात खानदेशात जायचं ते भरितासाठी. बाकी जे दिसेल ते वरकमाई. मैत्रिणीच्या मामांचं घर सावद्याजवळच्या एका गावात, चारी बाजूंनी केळीच्या बागा, आणि मामींच्या भरिताची कीर्ती पार पुण्यापर्यंत पोचलेली. भुसावळला गाडीतून उतरून, एसटीत दोन गोण्या आणि एका झोपाळू कंडक्टरच्या मधली जागा पटकावून तापीचा पूल ओलांडला, तेव्हा कार्यक्रम पक्का होता: सकाळी मनुदेवीचा धबधबा, दुपारी भरीत, संध्याकाळी पालचं जंगल. प्रत्यक्षात मी सकाळी अकरापासून दिवेलागणीपर्यंत लोकसभा पाहिली.

वाटेत फैजपूर लागलं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर १९३६चं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. देशाची घटना घटना समितीनंच करावी ही मागणी त्या मांडवात झाली आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही तिथंच मंजूर झाला. शाळेत हे एका वाक्यात शिकवतात आणि आपण एका गुणासाठी पाठ करतो. एसटी तिथं दहा मिनिटं थांबली. मी चहा घेतला. चहा वाईट होता.

मामांनी पहिल्याच रात्री फर्मान काढलं, "उद्या कुठी जायाचं नही. उद्या आपलं तीनशे सत्त्याहत्तर हाये." शहरी माणसाला ३७७ म्हटलं की दंडसंहितेतलं समलैंगिक संबंधांवरचं ते जुनं कलम आठवतं. मलाही तेच आठवलं, म्हणून मी मामींकडे पाहिलं. मामी वांगी पुसत होत्या. हिरवट पांढरी, हातभर लांब, अंगावर एक डाग नाही. "लोकसभेचं सांगताहेत ते," त्या म्हणाल्या. "अधिवेशन लागलं की या घरात दुसरा टीव्ही लागत नाही, माय."

मग मामांनी वही काढली. सोसायटीची जुनी डायरी, पुठ्ठा खाकी चिकटपट्टीनं जोडलेला. आत पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, प्रश्न क्रमांक, खातं, कोणाचा, काय झालं. शेवटच्या रकान्यात फक्त एकेक अक्षर. उ म्हणजे उत्तर मिळालं, गो म्हणजे गोंधळ, त म्हणजे तहकूब, प म्हणजे पटलावर ठेवलं, न बोलता नुसता कागद सादर केला. अख्खी पानंच्या पानं उलटली तरी उ शोधावा लागत होता. मी वर्तमानपत्रं नेमानं वाचते, संसदेच्या बातम्याही वाचते, पण कामकाजाची अशी रोजमेळासारखी नोंद मी कुठं पाहिली नव्हती.

प्रकरण असं होतं. थंडी पडली की केळीवर चरका बसतो. पानं पिवळी पडून करपतात, घड पोसत नाही, आणि व्यापारी त्याच मालाचा भाव पाडतो. यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. पण त्यात नुकसान शेतात येऊन मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या अंशाच्या खाली सलग ठरलेले दिवस राहिला तरच भरपाई. मामांची बाग नाल्याकाठच्या सखल जागी, तिथं गारठा साचतो. केंद्र दूर, उंचावर, एका इमारतीशेजारी. मामांचं म्हणणं एवढंच, की पारा जिथं केळी आहे तिथं मोजा. हे म्हणणं घेऊन ते कुठं कुठं गेले याची कहाणी जेवणाआधी सुरू झाली आणि जेवणानंतर संपली. शेवटी त्यांच्या भागातल्या एका खासदारांनी तो विषय नियम ३७७ खाली घेतल्याचा निरोप एका कार्यकर्त्यानं आदल्या दिवशी दिला होता. एरवी कुठल्याच प्रस्तावात न बसणारे मतदारसंघातले विषय या नियमाखाली मांडता येतात. मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा, तो २५० शब्दांच्या आत हवा, आणि तेवढाच वाचायचा.

सकाळी पावणेअकराला मामा धुतलेला सदरा घालून खुर्चीत. मला शेजारची खुर्ची. मनुदेवीला जायला शेजारच्या पोराची मोटारसायकल अंगणात तयार उभी, आणि मी संसद टीव्हीवर हिरवा गालिचा पाहत बसलेले. पाहुणचार आणि नजरकैद यांत खानदेशात फार अंतर ठेवत नाहीत, हे माझं जुनं मत त्या सकाळी पक्कं झालं.

अकराला प्रश्नोत्तराचा तास. त्या दिवशीच्या यादीत तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित, प्रश्न २० आणि लेखी उत्तराचे अतारांकित २३०. कोणाचा प्रश्न यादीत लागणार हे चिठ्ठ्यांवर ठरतं, आणि एका खासदाराचा एका दिवसात एकच तारांकित. मी हे सगळं मामांकडूनच शिकले. पहिला प्रश्न पुकारला, मंत्री उठले, म्हणाले, "अध्यक्ष महोदय, विवरण सभा पटल पर रख दिया गया है," आणि बसले.

"झालं उत्तर?" मी विचारलं.

"ते छापील. खरी कुस्ती आता," मामा म्हणाले. छापील उत्तर सगळ्यांच्या हातात असतंच, म्हणून खासदार पुरवणी प्रश्न विचारतो, मंत्र्याला तिथल्या तिथं बोलावं लागतं, आणि त्या बोलण्यात काय निसटतं ते मामा टिपतात. पहिल्या खासदारानं पुरवणी प्रश्नाच्या नावाखाली भाषण केलं. दुसऱ्यानं मंत्र्यांचे आभार मानले. तिसऱ्या एका बाईंनी मात्र एका ओळीत विचारलं: मंजूर झालेल्या पैशांपैकी खर्च किती झाला? मंत्री कागद चाळायला लागले. मामा खुर्चीत पुढं सरकले. तेवढ्यात मागून घोषणा सुरू झाल्या, फलक वर आले, काही सदस्य अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरले, "बैठ जाइए, बैठ जाइए" झालं आणि सभागृह बारापर्यंत तहकूब. मामांनी वहीत गो लिहिलं, पुढं त लिहिलं, पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी बातम्यांत हीच दोन मिनिटं येणार हे मला ठाऊक होतं. मी स्वतः इतकी वर्षं तीच दोन मिनिटं पाहून "आपली संसद" या विषयावर ठाम मतं देत आलेय. पण मामांना घोषणांचा राग नव्हता. त्यांना राग होता तो त्या बाईंचा प्रश्न अर्धा राहिल्याचा. "खर्च किती, एवढंच तर इचारलं होतं तिनं."

त्या मोकळ्या वेळात मामींनी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी आत सारली. ज्यानं हा वास घेतलाय त्याला सांगायला नको. वांग्याची साल तडतडते, धूर गोडसर होत जातो, मग त्यात हिरव्या मिरच्या भाजल्याचा ठसका येतो आणि डोळ्यांतून पाणी, तोंडातूनही पाणी. मी दोनदा उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आले. पण या घरात सभागृहाची जेवणाची सुट्टी होईपर्यंत ताट वाढत नाहीत. मामींनी हा नियम एवढ्या सहज सांगितला की वाद घालायची सोयच उरली नाही.

बाराला पटलावर ठेवायची कागदपत्रं झाली आणि शून्य प्रहर लागला. हा भाग मला आवडला. कोणाच्या गावात रेल्वे थांबत नाही, कोणाच्या नदीला पूल नाही, कोणाकडे टॉवर आहे पण रेंज नाही. प्रत्येकाला जेमतेम मिनिट दोन मिनिटं, मग माईक पुढच्याकडे. मामा मधूनमधून तळटीपा देत होते. धुळ्यावरून इंदूरची रेल्वे हवी ही मागणी याच सभागृहात किती जणांनी किती वर्षं केली, आणि मनमाड–इंदूर मार्गाला, ३०९ किलोमीटर, मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. नवापूरकडचे माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा निवडून गेले, आणि २००९ मध्ये हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या खासदारांच्या शपथा त्यांच्यासमोर झाल्या. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या हे सगळ्यांना माहीत, पण त्याआधी त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या हे मामांना जास्त महत्त्वाचं वाटतं. "राष्ट्रपतीले सही करा लागते. उपसभापतीले सभागृह सांभाळा लागते," हे त्यांचं मत. मला ते पटलं नाही, पण माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि वाद लांबवायची ताकद नव्हती.

शून्य प्रहर रेंगाळला. एक वाजला. सव्वा वाजला. अजून नावं होतीच. मामींनी परातीतलं भरीत दोन वेळा झाकलं, दोन वेळा उघडून पाहिलं. दीडच्या सुमाराला सुट्टी जाहीर झाली आणि मी ताटावर पहिली.

त्या भरिताबद्दल थोडक्यात लिहिणं म्हणजे अन्याय. वांगं लाकडी भांड्यात मिरच्या-लसणासोबत ठेचलेलं, त्यावर कांद्याची पात, शेंगदाणे आणि कच्च्या तेलाची नव्हे, चांगली तडतडलेली फोडणी. सोबत कळण्याची पुरी, ज्वारी आणि उडदाची, कडा जराशा कडक. पुण्यात हॉटेलवाले टोमॅटो घालून लाल केलेल्या लगद्याला खानदेशी भरीत म्हणतात. त्यांनी एकदा मामींच्या अंगणात उभं राहावं. मामा भराभर जेवले, घड्याळ बघत. मी तशी जेवले नाही.

जेवणानंतर सभागृह पुन्हा भरलं, भरलं म्हणजे निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. मामा डोकी मोजत होते. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण सदस्यांच्या एक दशांश लागतात, म्हणजे ५५. "हायेत, भागलं." मग पीठासीन अधिकाऱ्यांनी कागद उचलला आणि मामांनी आवाज वाढवला. मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारचा मोटारसायकलवाला पोरगाही आत आला.

ज्या सदस्यांना आज नियम ३७७ खाली विषय मांडायची परवानगी मिळाली आहे, त्यांनी मंजूर झालेला मजकूर २० मिनिटांच्या आत पटलावर द्यावा. जे देतील त्यांचे विषय पटलावर ठेवले असं समजलं जाईल. बाकीचे रद्द. एवढं एका दमात वाचलं, आणि "अब हम विधेयक लेते हैं."

किती वेळ लागला असेल? मी पुरीचा शेवटचा तुकडा चावत होते, तो गिळायच्या आत संपलं होतं.

"वाचणार नाहीत?" मामींनी विचारलं.

"नही. नुसतं द्यायचं."

"मग दिलं का त्यांनी?"

याचं उत्तर टीव्हीवर दिसत नाही. कॅमेरा विधेयकावर बोलणाऱ्या मंत्र्यांवर होता. बाजूला पटलाकडे कोणीतरी चिठ्ठी घेऊन गेलं असेल, नसेलही. मामांनी वहीत तारीख लिहिली, ३७७ लिहिलं, "केळी विमा" लिहिलं आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला. नव्वदच्या दशकात ते केळीच्या वॅगनसोबत दिल्लीला गेले होते, तेव्हा कोणाच्या तरी शिफारशीवर पास मिळवून प्रेक्षक गॅलरीत बसले होते. त्या दिवशीही सभागृह तहकूबच झालं होतं म्हणे. पण हे त्यांनी हसत सांगितलं. आत्ता ते हसत नव्हते.

मी म्हटलं, बंद करूया का आता. ते म्हणाले, विधेयक मंजूर होऊ दे. आणि आम्ही ते मंजूर होताना पाहिलं. विधेयक कसलं होतं हे मला आता आठवत नाही, पण शेवट चांगला आठवतो. खंड २ विधेयक का अंग बने, जो पक्ष में हैं वे हाँ कहें, खंड २ विधेयक में जोड़ दिया गया. मग ३ ते अमुक. मग अनुसूची. मग नाव. प्रत्येक वेळी काही "हाँ", काही "ना", आणि "प्रस्ताव स्वीकृत हुआ". शेवटी शेवटी शेजारचा पोरगाही "हाँ" म्हणायला लागला. मामा त्याच्यावर खेकसले. हे काम आहे, म्हणाले, तमाशा नव्हे. आवाजी मतदानावर कोणी हरकत घेतली तर मतविभाजन, म्हणजे मतं मोजायची, मग लॉबी रिकामी करायची, घंटा वाजते. त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मनुदेवी, पाल, परत भुसावळ. मनुदेवीचा धबधबा डिसेंबरात बारीक असतो आणि पायऱ्यांवर माकडं फार. पालचं जंगल चांगलं. बस.

पुण्यात आल्यावर लोकसभेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या कामकाजाचा मजकूर उघडला. शेकडो पानं. जी भाषणं टीव्हीवर गर्जत होती ती छापल्यावर किती किरकोळ दिसतात, हा एक वेगळाच अनुभव. ३७७च्या विषयांत ते सापडलं: हिंदीत, एका परिच्छेदात, केळी, चरक्याच्या जागी "शीतलहर", हवामान केंद्रांची संख्या वाढवावी आणि ती बागांच्या जवळ बसवावीत ही मागणी. पटलावर ठेवलेलं. रद्द झालेलं नव्हतं. मी पानाची प्रिंट काढून मामांना पोस्टानं पाठवली, कारण त्यांना फोनवरची फाइल म्हणजे कागद वाटत नाही.

त्यांचा फोन आला. रकान्यात प लिहिलं होतं. "मजकूर बरा केलाय," म्हणाले. "पन नाल्याचं नही घातलं." मंत्र्यांचं उत्तर कुठं छापून येतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ते सभागृहात येत नाही, खासदारांना पत्र जातं. तर मामांनी त्या कार्यकर्त्याला विचारायचं ठरवलंय. कार्यकर्ता तेव्हापासून फोन उचलत नाही.