बेसमेंटमधलं पार्लर

आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये व्हिडिओ गेमची चार जुनी मशीनं उभी आहेत. दोन चालतात, एक लहर लागली तर चालतं, आणि चौथं सध्या नुसतं लाकडी खोकं आहे. त्याचं पोट टेबलावर पसरलेलं. बाबा व्हिडिओ कॉलवर आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अरे, ते भंगार काढलंस का नाही अजून?" लहानपणी मला दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कोण घेऊन जायचं, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

हा नाद इथे येऊन लागला, आणि त्याला गावही कारणीभूत आहे. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. सिनेमाला जशी मुंबई, तसं नाण्यावर चालणाऱ्या करमणुकीला शिकागो. पिनबॉल बनवणारी गॉटलिब कंपनी इथे 1927 साली सुरू झाली, बॅली 1932 मध्ये, विल्यम्स 1943 मध्ये. बारमध्ये गाणी वाजवणारे ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या सीबर्ग आणि रॉक-ओला याही इथल्याच. पुढे जपानच्या नाम्को कंपनीचा पॅक-मॅन हा गेम अमेरिकेत बनवायचा परवाना बॅलीच्याच मिडवे कंपनीला मिळाला आणि फ्रँकलिन पार्क या गावातून ती पिवळी खोकी देशभर गेली. ओहेअर विमानतळावर उतरलात तर हे गाव अगदी शेजारी लागतं. त्यामुळे इथे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणाशीही बोला, त्याच्या ओळखीत कुणीतरी कधी ना कधी अशा एखाद्या कारखान्यात कामाला असतंच.

मशीनं मिळतात कुठून, हा प्रश्न आपल्याकडचे मित्र हमखास विचारतात. ही मशीनं बारवाल्याच्या किंवा पिझ्झावाल्याच्या मालकीची क्वचितच असत. 'ऑपरेटर' नावाचा माणूस ती विकत घ्यायचा, पंचवीस-तीस दुकानांत ठेवायचा, दर आठवड्याला येऊन नाण्यांचा डबा रिकामा करायचा आणि गल्ला दुकानदाराशी निम्मानिम्म वाटून घ्यायचा. एखाद्या गेमची कमाई उतरली की आतला सर्किट बोर्ड काढून दुसऱ्या गेमचा बसवायचा, बाजूला नवीन स्टिकर, वर नवीन पाटी, झालं. ते ऑपरेटर आता म्हातारे झालेत, काही गेले. त्यांची गॅरेजं आणि गोदामं मुलं-नातवंडं रिकामी करतात तेव्हा असा माल बाहेर येतो. चालू स्थितीतलं नावाजलेलं मशीन हजार डॉलरच्या पुढेच जातं. बंद पडलेलं, उंदरांनी घर केलेलं, किल्ली हरवलेलं मशीन त्याच्या पाव किमतीत मिळतं. मी अर्थातच दुसऱ्या प्रकारातलं घेतो.

वजन शंभर-सव्वाशे किलो. ते बेसमेंटच्या जिन्यावरून खाली उतरवायला फ्रिज हलवायची पट्ट्यांची हातगाडी लागते आणि तीन माणसं लागतात. माझी तीन माणसं म्हणजे महाराष्ट्र मंडळातले दोन मित्र आणि शेजारचे निवृत्त गृहस्थ, जे उचलत काहीच नाहीत पण सूचना उत्तम देतात. मजुरी म्हणून मिसळ. शेजाऱ्यांना आता तर्रीची सवय झाली आहे.

मागचं दार उघडलं की पहिला येतो तो वास. इलिनॉयमध्ये बारमधलं धूम्रपान 1 जानेवारी 2008 पासून बंद झालं, पण त्याआधीची पंचवीस वर्षं ही मशीनं सिगारेटच्या धुरातच उभी होती. काचेवर, तारांवर, बोर्डावर तपकिरी चिकट थर बसलेला असतो. अमोनियाच्या पाण्याने काच पुसली की फडकं चहाच्या रंगाचं होतं. खालच्या फळीवर भुसा आणि उंदरांचा संसार. कधीतरी फटीत अडकलेली जुनी नाणी सापडतात. ती मुलीच्या गल्ल्यात जातात आणि ती प्रामाणिकपणे मानते की बाबाचा धंदा बरा चाललाय.

आता मुद्द्याचं. या छंदात पडण्यापूर्वी मला वाटायचं की जुनं मशीन खेळून खेळून झिजतं. झिजतं ते किरकोळ: जॉयस्टिकच्या आतल्या पितळी पट्ट्या, बटणं, दाराचं कुलूप. हे तासाभरात निस्तरतं. पट्ट्यांवरची काजळी काढायला जाड व्हिजिटिंग कार्ड मधून फिरवलं तरी पुरतं. सँडपेपर लावला तर वरचा मुलामाच निघतो. खरं नुकसान होतं ते मशीन नुसतं पडून राहिल्याने. ऑपरेटरने दोन-तीन वर्षांत पैसे वसूल करायचे या हिशेबाने ते बनवलेलं असतं. चाळीस वर्षांचा विचार कुणी केलेलाच नव्हता. गॅरेजमध्ये उन्हाळ्यात पस्तीस अंश, हिवाळ्यात उणे वीस. भुशाच्या फळ्या तळाशी ओल धरून फुगतात. कंडेन्सर आतून सुकतात. सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरी. विल्यम्सच्या बोर्डांवर सेटिंग लक्षात ठेवायला साधे तीन पेन्सिल सेल असायचे. मशीन गोदामात गेलं, सेल काढायचे राहिले, की ते फुटून त्यांचं रसायन बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतं. बाहेरून नवंकोरं दिसणारं मशीन, आत हिरवा गंज. म्हणून विकत घ्यायला गेलो की मी चित्र, रंग काही बघत नाही. टॉर्च घेऊन आधी बॅटरी शोधतो.

आमच्याकडचं लाडकं मशीन म्हणजे 1982 चं मिस पॅक-मॅन. याचा जन्मच एका जुगाडातून झाला. बोस्टनकडच्या कॉलेजातल्या काही पोरांनी मूळ पॅक-मॅनवर बसवायचा एक जोडबोर्ड तयार केला, चक्रव्यूह बदलले, भुतांच्या सवयी बदलल्या आणि तो थेट मिडवेला विकला. त्यामुळे मिस पॅक-मॅन उघडलं की खाली पॅक-मॅनचाच बोर्ड दिसतो. त्याचा झेड-80 प्रोसेसर काढून त्या जागी एक चपटी केबल खोचलेली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तो छोटा बोर्ड. पडद्यावर कचरा दिसत असेल तर आधी ही केबल बघायची. दुसरा हमखास आजार जोडपट्टीचा, म्हणजे बोर्डाला मशीनच्या तारा जोडणाऱ्या पट्टीचा. या बोर्डाला वीज एसीच पुरवलेली असते आणि तिची डीसी करायचं काम बोर्डावर होतं, त्यामुळे त्या दोन-चार पिनांतून भरपूर करंट जातो. वर्षानुवर्षं तापून त्या काळ्या पडतात, प्लास्टिक वितळतं, आणि मशीन मधूनच आपोआप रिसेट व्हायला लागतं. लोक उगाच चिपा बदलत बसतात. दुखणं असतं पट्टीत.

मॉनिटर हा वेगळाच अध्याय. आपल्या जुन्या टीव्हीतल्यासारखी काचेची पिक्चर ट्यूब, एकोणीस इंची, उभी बसवलेली. तिच्यावर वीसेक हजार व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. ते डिस्चार्ज करायची रीतसर पद्धत आहे, आणि ती कुणीतरी समोर उभं राहून शिकवल्याशिवाय करू नये. मला एका निवृत्त टीव्ही मेकॅनिकने शिकवलं. पहिला धडा: डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. त्यानंतर वीस-पंचवीस कंडेन्सर बदलायचे. त्यांचा तयार संच पंधरा डॉलरच्या आत मिळतो. आकसलेलं, वरच्या कडेला दुमडलेलं चित्र पुन्हा सरळ उभं राहतं, तेव्हा मी एकटाच असलो तरी टाळी वाजवतो.

इथे हौशी मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, ट्यूब काढा, एलसीडी बसवा, कटकट संपेल. मी दुसऱ्या तटातला. या गेमचं चित्र अवघं 224 बाय 288 ठिपक्यांचं आहे. एलसीडीवर ते चौकोनी ठोकळे दिसतात; ट्यूबवर ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळतात, कारण चित्र काढणाऱ्याने ते ट्यूब समोर ठेवूनच काढलं होतं. अशा नव्या ट्यूब आता बाजारात येत नाहीत. पण इलिनॉयमध्ये 2012 पासून जुने टीव्ही कचऱ्यात टाकायला बंदी आहे, त्यामुळे लोकांच्या घरात ते धूळ खात पडलेले असतात आणि "घेऊन जातो" म्हटलं की मालक गाडीपर्यंत उचलून आणून देतो. त्यातली ट्यूब कधीकधी जुळते.

आमच्या मिस पॅक-मॅनच्या पडद्यावर पहिला चक्रव्यूह कायमचा भाजून उमटला आहे. मशीन बंद असतानाही काचेत भिंती दिसतात. तिसऱ्या पातळीला चक्रव्यूह बदलतो, तेव्हा नव्या भिंतींमागे जुन्या पुसट उभ्याच असतात, आणि नवखा खेळाडू तिथे हमखास दचकतो. दुसरी ट्यूब माझ्याकडे पडून आहे. बदलणार नाही.

आता ते टेबलावर पसरलेलं चौथं. त्यात मला 'मुस्तफा' बसवायचाय. हो, तोच. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, 1993. पिवळ्या टोपीतला तो गडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही पार्लरमध्ये खाल्लेल्या शाळेच्या तासांचा साक्षीदार आहे. इथल्या अमेरिकन मित्रांना हे सांगितलं की ते चकित होतात. त्यांच्या लेखी तो इतर पन्नास मारामारीच्या गेमांपैकी एक. कित्येकांना त्यातल्या चौघा नायकांची नावंही आठवत नाहीत.

मंडळाच्या गणपतीनंतर काही जण घरी आले होते, त्यांना नुसता बोर्ड दाखवला तर सांगली, डोंबिवली आणि नाशिक यांत वाद पेटला: कार कुठल्या टप्प्याला मिळते, आणि दोन रुपयांत कोण कुठवर पोचायचं. सौंनी शेवटी मोदक थंड होतायत म्हणून सगळ्यांना वर हाकललं.

गंमत अशी की या मूळ बोर्डावर एक लिथियम बॅटरी असते आणि ती संपली की बोर्ड मरतो. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने चिपच्या आतली गुप्त माहिती या बॅटरीवर जिवंत ठेवली होती. बॅटरी गेली, माहिती गेली. म्हणजे पैसे मोजून घेतलेला अस्सल माल आपोआप बाद. आपल्याकडे पार्लरमध्ये बहुतेक नक्कल केलेले बोर्ड असायचे. त्यांत ते कुलूप आधीच फोडलेलं, त्यामुळे बॅटरीची भानगडच नाही. चोरीचा माल टिकला, अस्सल मेला. सुदैवाने हौशी अभ्यासकांनी ती माहिती चिपमध्ये परत भरायची रीत शोधून काढली आहे, आणि माझा बोर्ड सध्या त्याच प्रक्रियेत आहे.

शिकागोला कुणी येणार असाल तर ब्रुकफील्ड गावातलं गॅलपिंग घोस्ट आर्केड चुकवू नका. 2010 मध्ये सुरू झालं, नऊशेहून जास्त मशीनं, दारात एकदा पैसे भरा आणि दिवसभर खेळा. त्यांच्याकडची जत्रा बघितल्यावर माझी चार मशीनं बघायला येण्यात अर्थ नाही, पण मिसळ मिळेल.

आणि एक काम आहे. तुमच्या ओळखीत कुणाच्या दुकानामागे, पोटमाळ्यावर, बंद पडलेल्या पार्लरमध्ये असं एखादं खोकं पडलेलं असेल तर ते "चालतंय का बघू" म्हणून लगेच प्लग लावू नका. मागचं दार उघडा, फोटो काढा. साधे पेन्सिल सेल दिसले तर काढून टाका. बोर्डाला डाग देऊन बसवलेली बॅटरी असेल तर मात्र हात लावू नका. मग मला कळवा. कंट्रोल पॅनलवर तीन जॉयस्टिक असतील तर तो मुस्तफाही असू शकतो; आधी फोन करा, फोटो नंतर.