तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्करसोबत कोणता थवा सोडावा?

आमच्या बैठकीच्या खोलीतली माशांची टाकी आणि तिच्यातला ऑस्कर हा मोठा शिकारी मासा पाहून गेलेल्या माणसांपैकी निम्मी तरी पुढे कधीतरी फोन करून एकच गोष्ट विचारतात: आमच्याकडेही ऑस्कर आहे, त्याच्यासोबत थव्याने फिरणारे कोणते मासे चालतील? त्यांना उत्तर एका दमात हवे असते आणि मी ते देतही आले आहे: सिल्व्हर डॉलर, किमान सहा. उत्तर खरे आहे. पण फोन ठेवल्यावर अर्धेच सांगितल्याची रुखरुख राहते, म्हणून या वेळी उरलेले अर्धेही लिहून काढते आहे.

ऑस्करचा स्वभाव कसा आहे, यावर तुम्ही मला बरेच काही सांगता. तो माणसाळलेला आहे, हातातून खातो, लहानपणापासून इतरांसोबत वाढला आहे. हे सगळे मला मान्य आहे आणि त्याचा या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. दुकानात दोन इंचांचे दिसणारे पिल्लू वर्षभरात नऊ-दहा इंचांचे होते, पूर्ण वाढला की फूटभर भरतो, आणि त्याचे तोंड त्याच्यासोबत वाढत असते. तो भक्ष्याचा पाठलाग करून लचके तोडत नाही. जवळ आलेल्या माशासमोर जबडा एकाएकी इतका ताणतो की पाणी आत ओढले जाते आणि पाण्यासोबत मासाही. डोळ्याचे पाते लवेपर्यंत सगळे संपलेले असते, आणि पुढच्या क्षणी तो पुन्हा तुमच्या हातातून खायला काचेपाशी येतो. त्याच्या लेखी दोन्ही खाणीच.

म्हणून सोबतीचा मासा निवडताना लांबी विचारू नका, पाठीपासून पोटापर्यंतची उंची विचारा. जायंट डॅनिओ चार इंचांचा असतो आणि अतिशय चपळ असतो, पण अंगाने सडपातळ असल्यामुळे मोठ्या ऑस्करला तो आज नाही तर उद्या सापडतो. सिल्व्हर डॉलर बशीसारखा उभट आणि चपटा असतो. तीन-चार इंचांचा झाला की तोंडात मावत नाही. हे शहाणपण माशांच्या शरीरांनाच आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1992 साली दाखवून दिले की ज्या पाण्यात पाइक हा शिकारी मासा असतो, तिथल्या क्रूशियन कार्पचे अंग उंच वाढते, आणि पाइक नसेल तिथे त्याच जातीचे मासे बुटके राहतात. गिळता येऊ नये एवढे उंच होणे, हाच त्यांचा बचाव.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. टिनफॉइल बार्ब ऑस्करला पुरून उरतो, पण स्वतःच फूटभर होतो आणि मग त्याच्या थव्याला तुमचा हॉलही अपुरा पडेल. टायगर बार्ब आधी ऑस्करचे पर कुरतडतात आणि नंतर त्याच्या पोटात जातात. मिस केरळ आपल्या सह्याद्रीची म्हणून अनेकांना हवी असते. तिला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि निसर्गात ती संकटग्रस्त आहे, त्यामुळे शिकाऱ्याची सोबत म्हणून तिला आणणे माझ्याने होणार नाही. इंच-दीड इंचाच्या निऑन टेट्राबद्दल कृपया विचारू नका. फ्लॉवरहॉर्न या भांडखोर माशासोबत काय ठेवावे, याचे उत्तर ‘काहीही नाही’ असे आहे.

संख्येवरून मात्र मी वाद घालते. आपल्याकडे मासे जोडीने विकायची पद्धत आहे, त्यामुळे लोक डॉलरचीही एक जोडी घेऊन येतात. दोनच मासे असले की ऑस्करचे सगळे लक्ष त्या दोघांवर राहते. तो दिवसभर एकाच्याच मागे लागतो, आणि तो मासा गिळला गेला नाही तरी खंगून मरतो. सहा-आठ असले म्हणजे कोणा एकावर नजर ठरत नाही. थवा करून राहण्यातला फायदा नेमका हाच आहे. तोही उजेडापुरता, कारण थवा मुख्यतः एकमेकांना पाहून बांधला जातो आणि अंधारात विस्कटतो. ‘संध्याकाळी सगळे होते, सकाळी एक कमी’ असे तुम्ही सांगता, त्याचे कारण बहुधा इथे असते.

आता धाकट्या दिरांच्या घरची गोष्ट. त्यांनी आधी मला विचारले होते, आणि मी डॉलरच सांगितले होते. पण त्यांची टाकी 3 फुटी, म्हणजे जेमतेम सव्वाशे लिटरची. दुकानदार म्हणाला की डॉलर हिच्यात वाढणार नाहीत (हे त्याचे बरोबर होते), त्यापेक्षा कोरीडोरास न्या, तेही थव्याने राहतात, तळाशी असतात, ऑस्करचे लक्षही जाणार नाही (हे साफ चूक होते). कोरीडोरास हा छोटासा कॅटफिश. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही छातीच्या परांना एकेक कठीण काटा असतो आणि घाबरला की ते काटे तो ताठ करून अडकवून टाकतो. मेला तरी काटे मिटत नाहीत.

रात्री जेवणे चालू असताना फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा ऑस्कर फिल्टरच्या नळीखाली तिरका तरंगत होता. तोंड मिटत नव्हते, कल्ल्यांची झाकणे बाहेर फेकली गेली होती, आणि ओठांच्या मधून कोरीडोरासची शेपटी दिसत होती. भावजींनी ती चिमट्याने ओढून पाहिली होती. ओढल्यावर काटे उलटे रुततात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाण्यात रक्ताचा धागा पसरला होता. टाकीतलेच पाणी बादलीत घेतले, पंचा भिजवला, त्यात मासा गुंडाळून भावजींनी धरला. माझ्या नवऱ्याने मोबाइलचा उजेड पाडला आणि मी शिवणाच्या डब्यातल्या बारीक कात्रीने आत चाचपत राहिले. कात्रीने काटा तुटेना. मग तारा कापायची पक्कड आणली. पहिला काटा तुटल्याचा आवाज कट असा स्पष्ट आला, आणि ऑस्करने अंग असे आखडले की पंचा सुटायला आला. दर थोड्या वेळाने त्याला बादलीत बुडवायचे, कल्ले हलू द्यायचे, पुन्हा बाहेर घ्यायचे. दुसरा काटा दिसतच नव्हता. करंगळीने शोधावा लागला. माशाच्या तोंडाचे आतले अस्तर इतके मऊ असते, हे मला त्याआधी माहीत नव्हते. शेवटी कोरीडोरास निघाला, मेलेला, पाठीचे कवच शाबूत. ऑस्कर बादलीत एका कुशीवर पडून होता, उरलेले कोरीडोरास टाकीच्या कोपऱ्यात एकावर एक चढून बसले होते, आणि भावजींनी हात पुसत मला विचारले, “वहिनी, मग आता याच्यासोबत कोणते टाकू?”

मी काही बोलले नाही. परतताना रिक्षात मात्र नवऱ्यापाशी खूप बोलले. ऑस्कर जगला, जबडा थोडा वाकडा राहिला. उरलेले कोरीडोरास मी घरी आणले. भावजींचे म्हणणे होते की आता ऑस्करला अद्दल घडली आहे, राहू दे. ऑस्करचे मला सांगता येत नाही, पण त्या कोपऱ्यातल्या माशांच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञांनी 1938 साली दाखवले होते की जखमी झालेल्या छोट्या मिनो माशाच्या कातडीतून पाण्यात असे काही उतरते की बाकीचा थवा भयाने पळतो. नदीत ते पाणी वाहून जाते. टाकीत ते जाणार कुठे?

‘पण तुमच्याकडे तर ऑस्कर आणि डॉलर सुखाने राहतात,’ हे तुमचे पुढचे वाक्य असते. राहतात, हे खरे. माझी टाकी 5 फूट लांब, 2 रुंद आणि 2 उंच आहे, साडेपाचशे लिटरची. डॉलर आणले तेव्हाच ते ऑस्करच्या तोंडापेक्षा मोठे होते. ऑस्करला मी जिवंत मासे कधीच खाऊ घातले नाहीत. एवढ्या वर्षांत एकही मासा गिळला गेलेला नाही. पाहुणे आले की सातही डॉलर एकाच वेळी वळतात, त्यांच्या अंगावरून उजेड सरकतो आणि लोक मोबाइल काढतात. मीही कौतुकाने दाखवत असे: बघा, कसा घट्ट थवा!

मग ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडायचा आजार झाला आणि त्याला उपचारासाठी वेगळ्या टाकीत हलवावे लागले. तो गेला आणि थवा सुटला. एक डॉलर लाकडापाशी, दोघे फिल्टरच्या धारेत, एक एकटाच काकडीचा काप कुरतडत बसलेला, दुसरा येऊन त्याला ढुशी देतो, पुन्हा जातो. असे आळसावलेले, आपापले मासे मी माझ्याच टाकीत कधी पाहिले नव्हते. ऑस्कर परतला त्या दिवशी जाळी पाण्यात उतरताच सातही एका कोपऱ्यात आले. आम्ही ज्याचे फोटो काढत होतो, ती त्यांची भीती होती.

एवढे कळल्यावर त्यांना वेगळे करायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल, आणि मीही स्वतःला तेच म्हणते. पण ऑस्कर एकटा असताना मी पाहिला आहे. तो लाकडामागून बाहेर येत नव्हता आणि सावली पडली तरी काचेवर आदळत होता. यालाही शास्त्र आहे: जॉर्ज बार्लो या प्राणिशास्त्रज्ञांनी 1968 साली सुचवले होते की बुजऱ्या सिक्लिड माशांसोबत (ऑस्करही याच कुळातला) मोकळ्या पाण्यात पोहणारे मासे सोडले की त्यांची बुजरेपणाची वागणूक कमी होते, कारण वरचे मासे निवांत फिरत आहेत म्हणजे धोका नाही, असे त्यांना वाटते. म्हणजे माझ्या टाकीत डॉलर ऑस्करला धीर देतात आणि ऑस्कर डॉलरना घाबरवतो. आपण थवा निवडतो तो ऑस्करसाठी आणि स्वतःसाठी. थव्याला काय चालेल, असे मला आजवर एकाही फोनवर कोणी विचारलेले नाही.

यावर माझी जुनी बाजूही गप्प बसत नाही. ती म्हणते की नदीतही शिकारी असतातच, भीती ही माशाच्या जगण्याचाच भाग आहे, आणि माझे डॉलर खातात, वाढतात, रंगाने तेजस्वी आहेत. हे मला खोडता येत नाही. पण नदीत त्यांना शिकाऱ्यापासून दूर जाता येते, आणि माझ्या टाकीच्या टोकाला काच आहे, हेही खोडता येत नाही.

तेव्हा विचारलेच आहे तर: पाच-सहा फुटांची टाकी असेल, जागा असेल, तर सहा किंवा अधिक सिल्व्हर डॉलर, आधीच चार इंचांचे झालेले, दिवा एकदम घालवू नका, झाडे लावू नका, डॉलर ती खाऊन टाकतात. त्याहून लहान टाकी असेल तर ऑस्करला एकटाच ठेवा आणि तो बुजतो म्हणून मला फोन करू नका. भावजींचा ऑस्कर सध्या एकटाच आहे. तो दिवसभर नळीमागे बसतो, असे ते परवा सांगत होते, आणि 5 फुटी टाकी घ्यावी का, असेही विचारत होते. मी माप लिहून दिले आहे.