पॉवरची गोळी

परभणीतल्या माझ्या दवाखान्यात कुत्री-मांजरे घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे ‘पॉवर’. गेल्या उन्हाळ्यात जिंतूरकडचे एक शेतकरी आपला कारवानी कुत्रा घेऊन आले, तेव्हा त्याच्या पोटाखाली आणि जांघेत पुवाच्या पुळ्या उठल्या होत्या. त्यांनी पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. सेफॅलेक्सिनचे पाच दिवस, मग अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे चार आणि शेवटी एन्रोफ्लॉक्सासिन, तिन्ही प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स). ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कशानंच गुण येईना गेलाय, आता जरा जास्त पॉवरची द्या.”

प्रतिजैविकांना अशी पायरीपायरीने चढणारी पॉवर नसते. एखादे औषध कोणत्या जंतूंवर चालते आणि दुखण्याच्या जागी पुरेसे पोहोचते का, एवढेच पाहायचे असते. साधे अ‍ॅमॉक्सिसिलिन लघवीत भरपूर प्रमाणात उतरते, म्हणून कुत्रीला झालेल्या साध्या मूत्राशयदाहाला ते तीन ते पाच दिवस पुरते, असे 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पण तेच अ‍ॅमॉक्सिसिलिन कुत्र्याच्या कातडीसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण कातडीवरचे बहुतेक स्टॅफिलोकोकस जंतू ते फोडून टाकणारे विकर (एन्झाइम) स्वतःच तयार करतात.

त्या कारवानीची एक पुळी सुईच्या टोकाने फोडून मी काच तिच्यावर टेकवली, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पांढऱ्या पेशींच्या पोटात द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोल जंतू दिसले, म्हणजे जंतुसंसर्ग होता हे नक्की. मग कातडी चिमटीत धरून खरवडली, तर चिरुटाच्या आकाराचे डेमोडेक्स किडेही निघाले. मूळ दुखणे या किड्यांचे होते आणि जंतूंनी त्यावर घर केले होते. किडे तसेच ठेवून कितीही गोळ्या दिल्या असत्या तरी पुळ्या पुन्हा उठल्याच असत्या.

तीन औषधे वाया गेल्यामुळे नमुना तपासायला पाठवणे भाग होते. आमच्याकडे असे नमुने बहुधा माणसांच्या प्रयोगशाळेत जातात आणि तिथे एक अडचण असते. कुत्र्याच्या कातडीवरचा जंतू स्टॅफिलोकोकस स्युडइंटरमीडियस हा असतो, पण माणसांच्या प्रयोगशाळेत त्याला सहज स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे माणसांतला त्याचा भाऊबंद समजले जाते आणि मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधाला तो दाद देतो का हे सेफॉक्सिटिन या औषधाच्या चकतीवरून ठरवले जाते. या जंतूच्या बाबतीत ती चकती फसवते, तिच्याऐवजी ऑक्सासिलिन हे औषधच लावून पाहावे लागते. ही गोष्ट मी आता प्रत्येक चिठ्ठीवर लिहून देतो. अहवाल आला तो ऑक्सासिलिनला न जुमानणारा, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातली सेफॅलेक्सिनसकट सगळी औषधे बाद. तरीही मी नवी गोळी दिली नाही. किड्यांवरची गोळी आणि आठवड्यातून तीनदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शाम्पूने आंघोळ, फेस दहा मिनिटे अंगावर तसाच ठेवून, एवढेच सांगितले; कारण पोटातून दिलेल्या औषधाच्या कितीतरी पट जास्त मात्रा थेट कातडीवर पोहोचते आणि गोळीला न जुमानणारे जंतूही तिथे सहसा टिकत नाहीत. तीन आठवड्यांत पुळ्या बसल्या. त्या उन्हात कुत्र्याला आंघोळीचे कौतुकच वाटत असावे.

पॉवरचा मोह मलाही झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत कुंथत-कुंथत थेंबभर लाल लघवी करणाऱ्या तीन वर्षांच्या बोक्याला मी तपासणी न करता एन्रोफ्लॉक्सासिन दिले, पाच दिवसांत तो बरा झाला आणि मी स्वतःवर खूश झालो. दोन महिन्यांनी तेच पुन्हा झाले. तरुण मांजरांतले हे दुखणे बहुधा जंतूंचे नसतेच, ते ताणतणावाशी जोडलेले असते आणि आठवडाभरात आपोआप ओसरते, त्यामुळे श्रेय फुकटात औषधाला मिळते. शिवाय मांजराला हे औषध किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गेले तर दृष्टिपटल खराब होऊन आंधळेपण येऊ शकते. आता असा बोका आला की आधी मूत्राशय चाचपून लघवी तुंबलेली नाही ना ते पाहतो, कारण तुंबली असेल तर एक दिवसही थांबता येत नाही.

जिथे औषध खरेच हवे असते, तिथे नेमकी उलटी तक्रार असते. गोचीडतापाला डॉक्सिसायक्लिन 28 दिवस लागते, पण पाचव्या दिवशी कुत्रा भाकरी खाऊ लागला की पट्टी कोनाड्यात जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच कुत्रा नाकातून रक्त गळत परत येतो. ही गोळी दुधातून देऊ नये, भाकरीच्या तुकड्यातून द्यावी. मांजराला दिलीच तर मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजावे, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.