केस कापायचेत? तयारी दोन आठवडे आधी

जावळाला मूल रडतंच. पण स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल पाच वर्षांचं झालं तरी सलूनच्या दारात किंचाळतं, तेव्हा तो हट्ट नसतो. ट्रिमरची घरघर, गार पाण्याचा फवारा, गळ्याशी आवळलेला कपडा, मानेवर टोचणारे बारीक केस, यातलं नेमकं काय सोसत नाही ते आधी ओळखा. आवाजच सोसत नसेल तर सरळ कात्री वापरा. ट्रिमरचा अट्टहास कशाला?

ट्रिमर लागणारच असेल तर घरी रोज ५ मिनिटं सराव. पहिले ३-४ दिवस तो बंदच ठेवून हाताळू द्या. मग शेजारच्या खोलीत चालू करा, रोज थोडा जवळ आणा. पुढे चालू ट्रिमरची मागची बाजू आधी तळहाताला, मग दंडाला, खांद्याला, मानेला लावा. कानामागची जागा सगळ्यात शेवटी. मूल मागे सरकलं की आदल्या पायरीवर या. चौघांनी धरून एकदा कापलेत, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

सलूनमध्ये जायला गर्दीचा रविवार टाळा. खुर्ची, कपडा, कात्री आणि नंतरचा झोका, असे ४ फोटो क्रमाने दाखवा. १० मोजेपर्यंत कापायचं, मग थांबायचं. दहाचे पंधरा करू नका. मूलही मोजत असतं. पुढून बटणांचा शर्ट घाला, म्हणजे काढताना केस तोंडावर घासत नाहीत. अर्धेच कापून झाले? चालतं. उरलेले उद्या.